नाशिकच्या बागेत जपानी पद्धतीचा लाकडी मंडप: पाया, लाकूड, सांधे आणि छप्पर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गंगापूर रोडला बंगल्यामागे ४० बाय ३० फुटांची बाग आहे. तिच्या एका कोपऱ्यात चार खांबांचा, चारी बाजूंनी उघडा, जपानी धाटणीचा लाकडी मंडप करायचा आहे. फॅब्रिकेटर म्हणतो लोखंडी सांगाडा उभा करू आणि वरून लाकडी पट्ट्या मारू. सुतार म्हणतो पाईनमध्ये स्वस्तात होईल. आणि तुमच्या मनात दिंडोरीच्या शेतावर बांधाला लावलेला साग तोडून वापरायचं आहे. खिळ्यांशिवाय असं काही उभं राहतं का, आपल्या पावसात किती टिकेल आणि वर छप्पर कशाचं घालावं, हेही विचारलंय. माझं कामच लाकडी बांधकामाचं आहे आणि तेही याच परिसरात, म्हणून इथली माती, इथला उन्हाळा आणि इथला पाऊस धरूनच उत्तर देतो.

आधी मंडपातलं जपानी काय असतं ते ठरवून घेऊ, कारण पैसे नेमके चुकीच्या जागी तिथेच जातात. फोटोत डोळ्यांत भरतात ते वर वळलेले कोपरे, दगडी कंदील, लाल रंग. यातलं एकही नसलं तरी काही बिघडत नाही. जपानी बागांमधल्या अशा उघड्या मंडपाला आझुमाया म्हणतात आणि बहुतेक आझुमाया अगदी साधे असतात. छपराच्या कडा सरळ, लाकूड न रंगवलेलं, नक्षी जवळजवळ नाहीच. वळलेले कोपरे हे मुख्यतः देवळांचं काम. ते घरच्या बागेत आणलं की एकेक वासा वेगळ्या मापाचा कापावा लागतो, मजुरी दुप्पट होते आणि एवढ्याशा मंडपावर ते शोभतही नाही. आझुमायाचं खरं अंग तीन गोष्टींत आहे. छप्पर खांबांच्या खूप बाहेर आलेलं असतं, खांब मातीत न गाडता दगडावर टेकवलेले असतात आणि सांधे असे असतात की उद्या एखादा तुकडा खराब झाला तर तेवढाच सोडवून बदलता येतो. जपानमधल्या नारा शहराजवळच्या होर्यू-जी मंदिरातलं सातव्या शतकापासूनचं लाकूडकाम आजही उभं आहे. लाकूड पाण्यापासून लांब ठेवायचं आणि ठरावीक काळानं उतरवून दुरुस्त करायचं, हेच त्यामागे आहे. २०२० साली युनेस्कोनं जपानच्या लाकडी वास्तू जतन करण्याच्या पारंपरिक कौशल्यांना आपल्या यादीत घेतलं, ते याच दुरुस्तीच्या परंपरेसाठी.

आणि हे आपल्याला परकं नाही. जुन्या नाशकात, पंचवटीत जे वाडे अजून उभे आहेत त्यांचे सागवानी खांब जवळून बघा. प्रत्येक खांबाखाली घडवलेला दगडी तळखडा आहे, खांब मातीला कुठेही टेकत नाही. म्हणून तुमच्या मंडपासाठी जपानहून काही मागवायची गरज नाही. आपला साग, आपला काळा दगड, आणि बांधणीची पद्धत तिकडची, एवढं पुरे. प्रत्यक्ष बघायचं असेल तर पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात एक चक्कर मारा. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. झाडं, पाणी आणि वाटा यांच्यात मोकळी जागा किती सोडली आहे ते बघून आलात की कोपऱ्यात मंडप कुठे बसवायचा याचा अंदाज येईल.

लोखंडी सांगाड्यावर लाकडी पट्ट्या नकोच. लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये पावसाचं पाणी शिरतं आणि तिथून ते निघत नाही. सागात टॅनिन असतं. ओल्या लोखंडाशी त्याचा संबंध आला की लाकडावर काळे डाग पडतात आणि ते घासून जात नाहीत. बाहेरून सगळं छान दिसत असताना आतून लोखंड गंजत राहतं. शिवाय दुरुस्ती करायची तर सगळी पट्टी सोलूनच काढावी लागते.

आता माप. तुम्ही १० बाय १० म्हणालात. मी खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ९ फूट चौरस ठेवीन आणि छप्पर चारी बाजूंनी ३ फूट बाहेर काढीन. म्हणजे वरून छप्पर १५ बाय १५ होतं आणि बसायला ९ फुटांत सहा-आठ माणसं आरामात मावतात. लोक नेमकं उलटं करतात, खांब लांब-लांब आणि छप्पर जेमतेम फूटभर बाहेर. मग पहिल्याच जुलैत बाकं भिजतात आणि खांबांचे बुंधे काळे पडतात. वळचणीतून पडणाऱ्या पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून फूट-दीड फूट उडतं. ३ फूट छप्पर बाहेर असेल तर ते शिंतोडे खांबापर्यंत पोचतच नाहीत. नाशिक शहरात वर्षाचा पाऊस ढोबळमानाने सातशे-आठशे मिलिमीटर, तेव्हा एवढं पुरतं. हाच मंडप इगतपुरीला करायचा असता, जिथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर मी उतार वाढवला असता आणि पश्चिमेची बाजू बंद केली असती. तुमच्या इथे पश्चिमेला पाठ टेकायचं बाक आणि त्यामागे झुडपांची रांग एवढं केलंत तरी वाऱ्याची झड बरीच अडते.

कंपाउंडच्या भिंतीपासून इतकं अंतर ठेवा की पागोळ्या तुमच्याच हद्दीत पडतील. आणि काम सुरू करण्याआधी महापालिकेचे नियम तुमच्या आर्किटेक्टकडून विचारून घ्या, कारण सामासिक अंतरात, म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, कायमचं छप्पर घालणं हा वेगळा विषय होतो.

पाया. मंडप चाळीस वर्षं टिकणार की चार, हे इथे ठरतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुमच्या भागात वरची काळी माती कुठे दोन फूट, कुठे पाच फूट असते. ती पावसात फुगते आणि एप्रिलमध्ये हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर नुसता कोबा करून खांब उभे केले तर दरवर्षी एखादा खांब वर येणार, दुसरा खाली जाणार, आणि सांधे कितीही चांगले असले तरी पिळवटणार. म्हणून चार खड्डे, प्रत्येक अडीच फूट चौरस, आणि मुरूम लागेपर्यंत खोल. चार फुटांवरही मुरूम लागला नाही तर काळी माती तेवढी काढून टाका आणि मुरमाचे सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून, धुम्मस करून भरा. त्यावर काँक्रीटची बैठक आणि एक फूट चौरस आरसीसीचा ठोकळा जमिनीच्या पातळीपर्यंत. चारही ठोकळ्यांचे माथे लेव्हल पाइपनं एका पातळीत आणा आणि दोन्ही कर्ण मोजा. ९ फुटांच्या चौरसाचा कर्ण १२ फूट पावणेनऊ इंच यायला हवा. दोन कर्णांत पाव इंचाहून जास्त फरक असेल तर तिथेच थांबा. पायातला तेवढासा फरक छपरावर जाऊन मोठा होतो आणि तिथे तो दुरुस्त करता येत नाही.

या ठोकळ्यावर काळ्या दगडाचा तळखडा. बारा इंच चौरस, नऊ इंच उंच, पाथरवटाकडून छिन्नीनं घडवून घ्या. मशीनवर गुळगुळीत केलेला नको, त्यावर पाणी साचून राहतं. माथा मध्ये किंचित फुगीर ठेवायचा, म्हणजे पाणी कडेला ओघळेल. जपानी सुतार तर खडबडीत नैसर्गिक दगडच घेतात आणि दगडाचा प्रत्येक उंचसखलपणा कंपासनं खांबाच्या बुडावर उतरवून खांब तसा कोरतात. ते बघायला विलक्षण सुंदर दिसतं, पण एकेका खांबाला दिवस लागतो. घडवलेल्या दगडावर तुमचं काम चोख होईल. खांबाचं बूड मात्र आतून थोडं पोकळ करून घ्या, म्हणजे भार कडांवर येतो, खांब डुगडुगत नाही आणि खाली हवा खेळते.

खांब दगडावर नुसता टेकवून चालेल का? जपानमध्ये जड कौलांच्या छपराखाली चालतं. आपल्याकडे मे महिन्यात वळवाबरोबर जे वादळ येतं ते उघड्या मंडपाच्या छपराखाली शिरून त्याला वर उचलू बघतं. म्हणून तळखड्याच्या मधोमध आरपार भोक पाडून १६ मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची सळई खालच्या काँक्रीटमध्ये आधीच बसवून ठेवतात. ती खांबाच्या पोटात सहा-सात इंच जाते आणि एका आडव्या पिनेनं अडकवली जाते. बाहेरून काही दिसत नाही. गज साधा लोखंडी नको, तो गंजून फुगला की दगडही फोडतो.

वाळवीसाठी पाया भरतानाच मातीवर इमिडाक्लोप्रिडची फवारणी एखाद्या माहीतगार पेस्ट कंट्रोलवाल्याकडून करून घ्या. पण त्याहून मोठं संरक्षण म्हणजे हा नऊ इंच उघडा दगड. वाळवीला खांबात चढायचं असेल तर दगडावरून मातीची नळी बांधूनच जावं लागतं आणि ती तुम्हाला झाडाला पाणी घालता घालता दिसते. दिसली की खरवडून काढायची आणि तिथे पुन्हा औषध मारायचं. खांब मातीत किंवा काँक्रीटमध्ये गाडला असता तर हेच सगळं नजरेआड झालं असतं.

आता लाकडाकडे येतो आणि तुमच्या शेतातल्या सागाबद्दल आधी बोलतो, कारण त्यावर तुमचा जीव आहे हे प्रश्नावरूनच कळतंय. झाडं पंधरा-सोळा वर्षांची आहेत म्हणालात. एवढ्या वयाच्या सागाचा बुंधा कापून बघितलात तर बाहेरचा फिका भाग बराच आणि आतला पिवळसर तपकिरी गाभा थोडा असतो. सागाला वाळवी लागत नाही असं आपण म्हणतो ते या गाभ्याबद्दल खरं आहे. बाहेरचा पांढरा भाग वाळवी आणि भुंगा कोणत्याही साध्या लाकडासारखाच खातात. पाच इंची चौरस खांब अशा झाडातून काढला तर चारही कोपऱ्यांवर पांढरंच येणार. दुसरं, वाळवण. हवेवर वाळवायचं तर जाडीच्या इंचाला सुमारे वर्ष असा सुतारांचा हिशोब असतो, म्हणजे पाच इंची खांबाला कितीतरी वर्षं. तिसरं, साग स्वतःच्या जमिनीत असला तरी महाराष्ट्रात वृक्षतोडीच्या १९६४ च्या अधिनियमाखाली परवानगी लागते आणि माल हलवायला वाहतूक पासही. ती झाडं उभीच राहू द्या. अगदीच वाटलं तर वाऱ्यानं पडलेल्या एखाद्या झाडाच्या फांद्यांतून बाकाचे पाय करा, त्यातही शेत मंडपात आल्यासारखं होईल.

माझी पहिली पसंती जुन्या वाड्याच्या सागाला. नाशिक आणि आसपासच्या गावांत वाडे उतरवले जातात तेव्हा तुळया, खांब, कड्या जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. हे लाकूड शंभर-शंभर वर्षं छपराखाली वाळलेलं असतं, आता ते ना पिळेल ना आक्रसेल. विकत घेताना तुळईची दोन्ही टोकं आणि भिंतीत गेलेला भाग पटाशीनं टोचून बघा, सडकं असेल तर ते तिथेच असतं. आत मोडून राहिलेले खिळे असतात, रंधा मारण्याआधी मेटल डिटेक्टर फिरवून ते काढून घ्या, नाहीतर मशीनचं पातं जातं. जुनं मिळालं नाही तर बल्लारशाचा किंवा सीपी (मध्य प्रांताकडचा) साग, पावती आणि पास असलेल्या वखारीतूनच. मॉइश्चर मीटर घेऊन जा. डिसेंबरमध्ये नाशकात १२ टक्क्यांच्या आसपास ओलावा दाखवणारं लाकूड घ्या. १८ दाखवत असेल तर स्वस्त मिळालं तरी सोडा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून येणारं पॅकिंगचं पाईन कुणी कितीही आग्रह केला तरी बागेत नको. ते खोकी करण्यासाठी असतं, उघड्यावर दोन-तीन पावसाळ्यांत मऊ पडतं. प्रेशर ट्रीटमेंट केलेलं पाईन वेगळं, ते वाशांना आणि रिपांना (कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांना) चालेल. पण ट्रीटमेंटनंतर कापलेल्या प्रत्येक टोकाला पुन्हा औषध लावावं लागतं आणि सांध्यांच्या कामात तर सगळी टोकं कापलेलीच असतात. म्हणून खांब आणि तुळयांसाठी मी ते घेत नाही.

लाकूड किती लागेल? पाच इंच चौरस, आठ फुटी चार खांब. चार बाय सात इंची, बारा फुटी चार तुळया. तीन बाय पाचचे चार कोनवासे (शिखरापासून कोपऱ्यांकडे उतरणारे तिरके वासे), दोन बाय तीनचे वासे, वर रिपा, मधले आडवे बंध आणि तीन बाजूंची बाकं. हे सगळं मिळून ३५-३७ घनफूट भरतं. कटाई आणि तासकाम धरून ४५ घनफुटांच्या आसपास मागवा. भाव घनफुटावर ठरतो, आणि तो कच्च्या मापावर की तासलेल्या मापावर, हे आधीच बोलून घ्या.

खांब निवडताना आणखी एक गोष्ट. खोडाचा मध्यबिंदू ज्या खांबाच्या पोटात आहे तो आज ना उद्या तडकणारच. जपानी सुतार ती भेग कुठे पडेल हे स्वतःच ठरवतात. खांबाच्या एका तोंडावर, वरपासून खालपर्यंत, मध्यबिंदूपर्यंत जाईल अशी करवतीची एक सरळ चीर आधीच पाडून ठेवतात. लाकूड आक्रसतं तेव्हा ती चीर थोडी रुंद होते आणि बाकीची तीन तोंडं अखंड राहतात. चिरेचं तोंड बाकाच्या किंवा झुडपांच्या बाजूला फिरवायचं. नवा साग घेतलात तर हे नक्की करा.

सांध्यांबद्दल. हो, खिळ्यांशिवाय उभा राहतो, आणि नीट केला तर खिळ्यांच्या मंडपापेक्षा जास्त वर्षं घट्ट राहतो. कारण सोपं आहे. नाशकात एप्रिलची हवा फार कोरडी आणि ऑगस्टची दमट. पाच इंची सागवान या दोन टोकांच्या मध्ये दीड-दोन मिलिमीटर हलतं. खिळा या हालचालीत दरवर्षी थोडा सैल होत जातो. पाचर पुन्हा ठोकता येते.

उघड्या मंडपाला भिंती नसल्यामुळे सगळा धोका आडवं झुकण्याचा. त्याला जपानी उत्तर आहे नुकी, म्हणजे खांबाच्या आरपार जाणारी आडवी पट्टी. आपल्या मापात ती सव्वा इंच जाड आणि पाच इंच उंच. जाडी खांबाच्या एक तृतीयांशाहून जास्त नको, नाहीतर खांबच कमकुवत होतो. एक रांग तुळईच्या फूटभर खाली, चारी बाजूंनी. दुसरी बाकाच्या खाली, तीन बाजूंनी, कारण चौथी बाजू आत यायची. एकाच खांबात दोन दिशांनी येणाऱ्या पट्ट्या एका उंचीवर आणू नका, एक वर आणि एक तिच्या खाली घ्या. खांबातलं भोक पट्टीपेक्षा अर्धा इंच जास्त उंच पाडायचं. पट्टी आत सरकवली की वरच्या मोकळ्या जागेत दोन्हीकडून शिसवीच्या पाचरी ठोकायच्या. ठोकताना आवाज ऐका. आधी बद्द येतो, मग एकदम टणक होतो. टणक झाला की थांबायचं. पुढे ठोकत राहिलात तर खांब चिरतो.

खांबाच्या वरच्या टोकाला कूस, म्हणजे तासून बारीक केलेली जीभ, काढून ती तुळईत जाते. ती अडकवायला लाकडी खुंटी लागते आणि इथे एक बारीक युक्ती आहे. तुळईतल्या भोकाच्या रेषेत कुशीवर खूण करा, पण कुशीतलं भोक त्या खुणेपासून दोन मिलिमीटर खांद्याकडे सरकवून पाडा. खुंटी ठोकली की ती दोन्ही भोकं एका रेषेत आणू बघते आणि सांधा आपोआप ओढला जाऊन गच्च बसतो. खुंटी बाभळीची किंवा शिसवीची, वाळलेली आणि करवतीनं न कापता रेषेवरून फोडून काढलेली, म्हणजे ती मध्येच मोडत नाही. कूस बसवण्याआधी तिच्या कडा गोल तोंडाच्या हातोडीनं हलक्या हातानं दाबून घ्यायची जपानी पद्धतही चांगली आहे. दाबलेलं लाकूड सहज आत जातं आणि हवेतला दमटपणा घेऊन आत फुगतं.

कोपऱ्यावर दोन तुळया अर्ध्या-अर्ध्या कापून एकमेकींवर बसतात. त्यांची टोकं खांबाच्या बाहेर आठ इंच तरी पुढे येऊ द्या. सुतार कधी कधी ती सफाईसाठी उडवून टाकतात. ती शोभेची नसतात. छपराचे चारही कोनवासे कोपऱ्यांना बाहेर ढकलत असतात आणि तुळया त्यांना बांधून धरतात. टोक उडवलं तर खाचेपुढचं लाकूड फाटायला वेळ लागत नाही.

साग कापायला जपानी ओढ-करवत आणायचा मोह होईल. ती पातळ पात्याची, हिनोकी आणि सुगीसारख्या मऊ लाकडासाठी केलेली असते. सागात सिलिका असते, बारीक दात लवकर बोथट होतात, तुटतातही. तुमच्या सुताराची रोजची करवत आणि दर तासाला धार लावलेली पटाशी यानं काम जास्त चांगलं होईल.

छप्पर. चौरस मंडपाचं छप्पर चारी बाजूंनी एका टोकाला मिळतं. उतार दहाला पाच ठेवा, म्हणजे दहा फूट आडवं गेलं की पाच फूट चढ. साधारण साडेसव्वीस अंश होतात आणि मंगळुरी कौलांना एवढा उतार लागतोच. मधल्या वाशाची लांबी ८ फूट साडेचार इंच, कोपऱ्याच्या कोनवाशाची सव्वाअकरा फूट. कोनवाशावर सुतार हमखास अडतात, कारण त्याचा उतार दहाला पाच नसून चौदाला पाच होतो; कोपऱ्याकडची वाट कर्णाची, म्हणून आडवं अंतर १.४१४ पट. जपानी सुताराच्या गुण्याच्या (काटकोनी पट्टीच्या) मागच्या बाजूला याच पटीनं वाढवलेले इंच कोरलेले असतात, त्यामुळे तो गणित न करता थेट खूण करतो. तुमच्या सुताराला एका पट्टीवर हे वाढीव इंच आखून द्या, काम अर्ध्या वेळात होईल. चारही कोनवासे वर एका छोट्या लोंबत्या खांबाच्या चार खाचांत जाऊन बसतात. तो आधी खाली जमिनीवर जुळवून बघा, वर शिडीवर उभं राहून नाही.

वासे एकमेकांना समांतर ठेवा. क्योतोच्या कोदाइ-जी मंदिरात कासा-तेइ नावाचं चहागृह आहे, त्याचं छप्पर आतून छत्रीच्या काड्यांसारखं मध्यापासून पसरत गेलंय. मोहात पाडणारी गोष्ट आहे, पण तिथे दोन वाशांमधलं अंतर कडेकडे वाढत जातं आणि आपल्या रिपा-कौलांना ते जमत नाही.

वर काय घालायचं? छप्पर सुमारे २५० चौरस फूट होतं. मंगळुरी कौलं घातली तर वजन टनभर भरतं. हे वजन वाऱ्यात मंडपाला खाली धरून ठेवतं, खालची सावली गार राहते आणि पावसाचा आवाज गोड येतो. कोनाच्या रेषेवर कौलं तिरकी कापावी लागतात आणि गळती तिथूनच सुरू होते, म्हणून कोनाच्या कौलांखाली जस्ताच्या पत्र्याची रुंद पट्टी आधी टाका. कडेच्या दोन ओळी तांब्याच्या तारेनं रिपांना बांधा. माकडांचा वावर असेल तर कौलांचा विचार सोडा आणि वॉटरप्रूफ प्लायवर गडद करड्या रंगाचा, घडीच्या सांध्यांचा पत्रा घ्या. दिसायला तोही जपानी छपराच्या जवळ जातो. मात्र मग वजन उरत नाही, तेव्हा कोनवासे तुळयांना स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांनी बांधणं भागच आहे. पॉलिकार्बोनेट नको. खाली एप्रिलमध्ये बसवणार नाही.

तुळयांची आणि कोनवाशांची उघडी टोकं ही सगळ्यात आधी सडणारी जागा, कारण पाणी लाकडाच्या नळ्यांतून तिथूनच आत शिरतं. जपानी देवळांत वाशांची टोकं पांढऱ्या लेपानं रंगवलेली किंवा तांब्यानं मढवलेली असतात. आपल्याला तर हे घरचंच आहे. भांडी बाजारात जा, तांबटाकडून कोनवाशांच्या चार आणि तुळयांच्या आठ टोकांना बसतील अशा टोप्या आणि शिखराला एक कळसवजा टोपी ठोकून घ्या. खाली जस्ताचा पत्रा असेल तर शिखराची टोपी तांब्याची नको, तांब्यावरून ओघळलेलं पाणी जस्ताला खातं. तिथे पत्र्याचीच टोपी करा आणि कोनाखालच्या पट्टीलाही हाच नियम लावा.

पॉलिशमध्ये मेलामाइन, पीयू हे घरातल्या फर्निचरसाठी. उन्हात त्यांचा पापुद्रा सुटतो. उकळलेलं जवसाचं तेल किंवा उन्हापासून वाचवणारा रंगकण असलेलं तयार वूड ऑइल दोन हात, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी एक हात. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून मगच फेका. लाकूड जाळून काळं करायची जपानी पद्धत सुगीच्या फळ्यांसाठी आहे, सागाला तिची गरज नाही.

बसण्याची मांडणी करताना क्योतोच्या कात्सुरा राजवाड्याच्या बागेतला एक छोटा मंडप आठवा. त्यात चार बाकं स्वस्तिकाच्या आकारात अशी बसवली आहेत की समोरासमोर कुणी येत नाही आणि प्रत्येकाला बागेची वेगळी बाजू दिसते. तुमच्या मंडपात तीन बाजूंची बाकं एकमेकांना चिकटवून न करता कोपऱ्यात दीड फूट सोडून केलीत तर तसंच काही साधेल, आणि झाडणं-पुसणंही सोपं जाईल. बाकाची उंची १६ इंच, फळ्यांमध्ये दोन सुतांची, म्हणजे पाव इंचाची, फट.

पागोळ्यांच्या रेषेखाली चारी बाजूंनी फूटभर रुंद, फूटभर खोल चर खणून खडी भरा आणि वर गोल गोटे पसरा. काळ्या मातीचा चिखल उडणार नाही आणि पाणी मुरेल. चराचा उतार पायांपासून लांब जाणारा हवा. पायाजवळ पाणी मुरलं तर वर केलेला सगळा खटाटोप वाया.

वेळापत्रक असं धरा. दिवाळीनंतर खड्डे आणि पाया. डिसेंबर-जानेवारीत सांध्यांचं काम, कारण तेव्हा हवेतला ओलावा ना फार कमी ना फार जास्त. फेब्रुवारीत उभारणी, मार्चअखेर कौलं, म्हणजे वळवाच्या आधी छप्पर पूर्ण. पावसाळ्यात सांधे कापू नका, एप्रिलमध्ये ते खिळखिळे होतील. उभारल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, सगळ्या पाचरी एकदा ठोकून बघा, दोन-चार नक्की सैल मिळतील. म्हणून सुताराकडून पंधरा-वीस पाचरी जास्तीच्या करून घेऊन कोरड्या डब्यात ठेवा.

सध्या लाकूड घ्यायची घाई करू नका. मंडपाच्या जागी आधी एकच खड्डा खणा आणि मुरूम किती फुटांवर लागतो ते इथे कळवा. बैठकीचा आकार आणि सळईची लांबी त्यावरून ठरवता येईल.